क्रेनवरचा माणूस सकाळीच लावून येतोय. सांगावं की गप्प बसावं?

लॅडलवाला (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, पण आता विचारल्याशिवाय राहवेना.

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत मेल्टिंगला आहे. आमच्या क्रेनला केबिन नाही, खाली उभं राहून पेंडंटची बटणं दाबून चालवायची. टॅपिंग झालं की भट्टीतून निघालेलं चौदाशे-पंधराशे अंशाचं लोखंड लॅडलमध्ये (ओतायच्या मोठ्या भांड्यात) घेऊन क्रेन मोल्डिंगच्या, म्हणजे साच्यांच्या रांगेवर येते आणि आम्ही दोघं-तिघं धरून ओततो. ते पेंडंट ज्याच्या हातात, त्याच्या भरवशावर आमचे पाय.

ज्यांच्या हातात आहे त्यांना मी दादा म्हणतो. माझ्याच गावचे, खानापूर तालुक्यातले. मला इथं चिकटवलं तेही त्यांनीच. गेले काही महिने पहिल्या शिफ्टला ते घेऊनच येतात. वर मूठभर बडीशेप चघळतात, तरी वास लपत नाही. डब्याच्या पिशवीत नाइंटीचं पाकीट असतं. झिंगत नाहीत, बडबडत नाहीत, नवख्याला कळायचंही नाही. पण मागच्या आठवड्यात लॅडल उतरवताना हिसका बसला आणि मेटल खाली सांडलं. जमीन कोरडी होती म्हणून निभावलं. ओल असती तर उडालं असतं, फाउंड्रीवाल्यांना वेगळं सांगायला नको.

त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलंय, तुळशीचं लग्न झालं की लगेच. आमचे सुपरवायझर बैलहोंगलकडचे, कन्नड. त्यांच्याकडे गेलो तर गावात काय बोलतील ते मला आत्ताच ऐकू येतंय: आपला माणूस उचलून कानडी साहेबाच्या हातात दिला. गणपतीला मंडळात आम्ही शेजारी शेजारी बसतो हो.

उपदेश नको. कुणावर अशी वेळ आली असेल तर तुम्ही काय केलंत ते सांगा.

निपाणकर (सोमवार, रात्री ९.५८)

उकळतं लोखंड डोक्याच्या उंचीवरून जातंय आणि तुम्ही धागा काढताय? उद्या सकाळी गेटवरच सांगा.

खादरवाडीचा_पोरगा (सोमवार, रात्री १०.१२)

निपाणकर, बोलायला काय जातंय ओ. त्या माणसानं याला नोकरी लावली, त्याच्याच पोटावर याने पाय द्यायचा? आदी त्याला एकट्याला गाठून बोल की भावा. साहेबाकडं जायचं ते शेवटी. आमच्याकडं शॉपमध्ये पण एकटा असाच होता, आमी चौघांनी मिळून दम दिला, सुधारला.

निपाणकर (सोमवार, रात्री १०.१५)

किती दिवस सुधारला?

खादरवाडीचा_पोरगा (सोमवार, रात्री १०.१७)

दसऱ्यापर्यंत. 😀

लॅडलवाला (सोमवार, रात्री १०.४०)

बोललोय. गेल्या शनिवारी चहाच्या गाड्यावर. चिडले नाहीत, उलट शांतपणे म्हणाले, "सकाळी एक पाकीट पोटात गेल्याशिवाय माझा हात थरथरतो. न घेता आलो तर तुझ्याच पायावर ओतीन. घेतलं की मी नीट असतो." आणि खोटं नाही ते. सातच्या आधी त्यांचा हात बघवत नाही, नंतर एकदम स्थिर. म्हणूनच मला कोडं पडलंय. न पिता धोका जास्त की पिऊन?

ड्युटीवरची_सिस्टर (सोमवार, रात्री ११.२५)

नाइटला आहे, वॉर्ड शांत आहे म्हणून सविस्तर लिहिते.

लॅडलवाले, तुमच्या दादांनी जे सांगितलं ना, त्यातच सगळं आलं. रोज पिणाऱ्याचा मेंदू दारू गृहीत धरून चालतो. रात्रीची उतरली की सकाळी हात थरथरतो, घाम फुटतो, उलटीसारखं होतं. त्यावर उतारा म्हणून जो घोट लागतो तो मौजेचा राहिलेला नसतो. तपासताना आम्ही जे चार साधे प्रश्न विचारतो (पिणं कमी करावंसं वाटतं का, लोक टोकतात याचा राग येतो का, अपराधी वाटतं का आणि सकाळी उठल्यावर घ्यावी लागते का), त्यातल्या चौथ्याला "होय" आलं की आमचे कान टवकारतात. हा माणूस आजारी आहे.

आता एक महत्त्वाचं. "सोडा, उद्यापासून थेंब नको" असं कुणीही त्यांना म्हणू नका. इतक्या पुढे गेलेल्यानं एकदम बंद केली तर पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होतो, माणूस भिंतीवर किडे बघतो, उठून पळतो. यात माणसं दगावतात. म्हणून सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व चालू करून.

"घेतली की स्थिर" याबद्दल. हात स्थिर होतो, डोकं होत नाही. अंतराचा अंदाज, अचानक काही घडलं तर बटण सोडायला लागणारा वेळ, हे सगळं घसरतं आणि ज्याचं घसरतं त्याला ते कळत नाही. तो हिसका तुम्ही बघितलाच. पिऊनही नाही आणि थरथरतही नाही, दोन्हीत पेंडंट त्यांच्या हातात नको. त्यांच्याबद्दल काय करायचं ते निवांत ठरवा, क्रेनवरून मात्र आधी उतरवा.

चंदगडी_काजू (मंगळवार, सकाळी ७.०५)

सिस्टरांना साष्टांग. मला एक सांगा, सकाळी सातच्या शिफ्टला माणूस पिऊन येतो तर त्याला दारू देतं कोण इतक्या पहाटे?

कंग्राळीकर (मंगळवार, सकाळी ७.३०)

काजूशेठ, तुम्ही कुठल्या जगात राहता? खेड्यात किराणा दुकानात मिळते, साबणाच्या वडीमागे. बायकांनी मोर्चे काढून काढून चपला झिजवल्या.

अवांतर: कर्नाटकात सारायी (देशी दारू) १ जुलै २००७ पासून बंद. तेव्हा वाटलं खेडी सुधारणार. झालं असं, की सारायी पिणारा माणूस स्वस्त व्हिस्कीच्या टेट्रा पाकिटावर आला. पाकीट बाटलीपेक्षा सोयीचं, फुटत नाही, वाजत नाही, डब्याच्या पिशवीत मावतं. दादांच्या पिशवीत आहे तेच.

शिनोळी_शटल (मंगळवार, सकाळी ८.१०)

आम्ही रोज बेळगावातून शिनोळीच्या एमआयडीसीत जातो. सीमा ओलांडून कामाला जाण्याचा फायदा एवढाच, की इकडे निवडणुकीचा ड्राय डे असला तर तिकडे सोय आणि तिकडे असला तर इकडे. दोन्ही राज्यं गेली साठ-सत्तर वर्षं आमच्यावर हक्क सांगतायत, त्याचा आम्हाला मिळालेला एकमेव ठोस लाभ. 😄

कंग्राळीकर (मंगळवार, सकाळी ८.१४)

आणि चोर्ल्यातून येणारा गोव्याचा माल कुठं धरला नाहीत?

शिनोळी_शटल (मंगळवार, सकाळी ८.१६)

तो एक्साइजवाले धरतात.

संपादक (मंगळवार, सकाळी ९.००)

मंडळी, धागा घाट उतरून गोव्याला चाललाय. मूळ प्रश्नाकडे या.

लोको_लोंडा (मंगळवार, दुपारी १.२०)

रेल्वेत आहे, मिरज–लोंडा मार्गावर गाडी चालवतो. आमच्याकडे हा प्रश्न सहकाऱ्यावर सोडलेलाच नाही. लॉबीत साइन-ऑन करताना यंत्रात फुंकायचं, ड्युटी संपताना परत. सगळ्यांनी. मग तो तीस वर्षांचा अनुभवी असो की परवा आलेला असिस्टंट. यंत्रानं दाखवलं की गाडी मिळत नाही. पुढची कारवाई होतेच, पण त्या दिवशी हजार-दीड हजार माणसं त्याच्यामागे बसत नाहीत.

यामुळे चुगली हा प्रकारच राहत नाही. तुमच्याकडे मालकाला हे यंत्र परवडत नाही असं नाही, एका बिघडलेल्या कास्टिंगच्या मानाने काही नाही ते.

अनगोळचा_आण्णा (मंगळवार, दुपारी १.५०)

लोको साहेब, गेटवर यंत्र बसवलं तर कोण फुंकणार ते सांगू का? आम्ही. पंख्याखाली बसणारे फुंकणार नाहीत. मालक रात्री क्लबात बसून सकाळी अकराला येतो, त्याचं तोंड कोण हुंगतंय? भट्टीपुढे उभं राहून बघा एकदा, बेळगावची हवा थंड म्हणतात ती शेडच्या बाहेर. डबल शिफ्ट मारून घेतात, क्रेनवर बदली माणूस ठेवत नाहीत आणि माणूस ढासळला की म्हणायचं बेवडा आहे, काढा. मी तक्रारीच्या विरोधात आहे. मालकाच्या बाजूनं हेरगिरी करायला आपण पगार घेत नाही.

निपाणकर (मंगळवार, दुपारी २.०५)

आण्णा, मालक क्लबात पितो, बरोबर. पण तो लॅडल चालवत नाही. तुमच्या पायावर सांडलं तर मालकाचा पाय भाजणार नाहीये, तुमचाच भाजणार.

अनगोळचा_आण्णा (मंगळवार, दुपारी २.१५)

ते मान्य. पण कारणाबद्दल मी बोललो ते खोटं नाही.

पर्सोनेल_काका (मंगळवार, संध्याकाळी ६.३०)

आयुष्य कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात गेलं (तेव्हा एचआर म्हणत नव्हते). काही गोष्टी स्पष्ट करतो.

पहिली. कायम कामगाराला "पिऊन आला" म्हणून दुसऱ्या दिवशी काढता येत नाही. आरोपपत्र, खुलासा, खातेनिहाय चौकशी हे सगळं आलं. चौकशीपर्यंत निलंबित केलं तर पहिले ९० दिवस निम्मा निर्वाह भत्ता, त्यापुढे कामगाराच्या दोषाशिवाय चौकशी लांबली तर ७५ टक्के. चौकशीतही नुसता "वास आला" एवढ्यावर भागत नाही, डॉक्टरची तपासणी नसेल तर समोरचा वकील साक्षीदाराला रडवतो. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक प्रकरणांत पहिल्या खेपेला ताकीद किंवा काही दिवसांचं निलंबन झालं. तेव्हा सांगितलं म्हणजे संसार मोडलाच, हे गृहीत धरू नका.

दुसरी गोष्ट लोकांना माहीत नसते. ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागू नसेल तिथे कामावर अपघात झाला तर मालकानं भरपाई द्यायची, हे १९२३ च्या कायद्यापासून चालत आलंय. पण त्यालाच एक अपवाद जोडलाय. कामगार दारूच्या अमलाखाली होता आणि त्यामुळेच इजा झाली असं सिद्ध झालं, तर मालक हात वर करू शकतो. फक्त मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तरच तो अपवाद लागू होत नाही. म्हणजे ईएसआय नसेल आणि दादांची स्वतःची चार बोटं गेली, तर प्यायलेले होते या एका कारणावरून भांडत बसावं लागेल. त्यांना वाचवायला गप्प बसणारे हा हिशेब करत नाहीत.

तिसरी. दादा सकाळी खानापूर रोडनं मोटरसायकलवर येत असतील. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर सापडलं, तर पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कारखान्याच्या गेटपर्यंत पोचायच्या आधीच खेळ संपू शकतो.

वडगावचा_माग (मंगळवार, संध्याकाळी ७.१५)

काका, एक भाबडा प्रश्न. सकाळी न पिता, फक्त रात्रीची राहिली तर यंत्रात येते का? मित्रासाठी विचारतोय.

ड्युटीवरची_सिस्टर (मंगळवार, संध्याकाळी ७.५०)

मित्राला सांगा, येते. व्हिस्कीची एक क्वार्टर म्हणजे १८० मिलि, त्यावर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. वजनात साधारण साठ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होतं. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅमच्या आसपास निपटतं. एका क्वार्टरला सहा ते आठ तास धरा, दोन मारल्या तर बारा तासांच्या वर. रात्री अकराला दोन क्वार्टर संपवून सहाला गेटवर आलेला माणूस झोपून उठला असला तरी प्यालेलाच असतो. लिंबू, ताक, थंड पाण्याची आंघोळ यांनी काही फरक पडत नाही.

वडगावचा_माग (मंगळवार, संध्याकाळी ७.५४)

हिशेब वाचून मित्राची उतरली.

हिंडलग्याची_सून (मंगळवार, रात्री १०.३०)

इथं बहुतेक पुरुषच लिहितायत, म्हणून लिहिते. माझा नवरा पीत होता, आता नाहीत ते.

त्यांच्या कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. सगळे चांगले होते हो. कुणी त्यांचं कार्ड पंच करायचं, कुणी त्यांचं काम ओढायचं, सुपरवायझर फिरकला की कुणी त्यांना स्टोअरमध्ये झोपवायचं. पगाराच्या दिवशी एक जण घरी आणून सोडायचा आणि मला म्हणायचा, "वहिनी, काळजी करू नका, आम्ही आहोत." मला कुणी कधी सांगितलं नाही की सकाळी डबा घेऊन जाणारा माणूस कोपऱ्यावर पिऊन मग पुढे जातो. मला वाटायचं फक्त रात्रीची आहे. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, तेव्हा कळलं. हॉस्पिटलात ते सगळे परत आले, फळं घेऊन.

त्यांच्यावर मी रागावले नाही, आजही नाही. पण त्यातल्या एकानं जरी साहेबाला सांगितलं असतं आणि ते महिनाभर घरी बसले असते, तर मी भांडले असते, त्या माणसाला शिव्या घातल्या असत्या आणि त्यांना दवाखान्यात नेलं असतं. लॅडलवाले भाऊ, साहेबाकडे जा की नका जाऊ, ते तुम्ही बघा. त्यांच्या बायकोकडे मात्र आधी जा. लग्नघर आहे म्हणून थांबू नका. तिला अर्धं माहीत असेल, उरलेलं तुम्ही सांगा.

खादरवाडीचा_पोरगा (मंगळवार, रात्री १०.४८)

ताई, काय बोलू. दम दिला म्हणून मी वर लिहिलं ते मागं घेतो.

कंग्राळीकर (मंगळवार, रात्री ११.०२)

ताई, नमस्कार.

एक सावधगिरीची सूचना. बायको-आई घाबरून कुठूनतरी "दारू सोडवायची गोळी" आणतात आणि चहातून, आमटीतून न सांगता देतात. आमच्या गल्लीत हे झालंय, माणूस मरता मरता वाचला. वहिनींना भेटलात तर हेही सांगा.

ड्युटीवरची_सिस्टर (मंगळवार, रात्री ११.२०)

शंभर टक्के. ती गोळी पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब पडतो. रुग्णाला समजावून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करून देतात ती. लपवून कधीच नाही.

मास्तर_चिकोडी (बुधवार, सकाळी ६.५०)

आमच्या क्षेत्रातलं सांगतो. एक सहशिक्षक पहिल्या तासालाच वास मारत यायचे. मुख्याध्यापकांनी दोन वर्षं सांभाळून घेतलं, "निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत" म्हणून. शेवटी आम्ही काही बोललो नाही, पोरांनीच घरी सांगितलं. मग एसडीएमसीचे (शाळा समितीचे) सदस्य, पालक, निम्मं गाव वर्गाच्या दारात. बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) आले, मोबाइलवर व्हिडिओ निघाले, ते गावभर फिरले. मास्तरांची लेक त्याच गावात दिलेली. आम्ही वेळेत बीईओंना भेटलो असतो तर वैद्यकीय रजेवर निघून गेले असते, इतका तमाशा झाला नसता. आतल्या माणसानं सांगितलं की प्रकरण कागदावर राहतं, बाहेरच्यानं पकडलं की चव्हाट्यावर येतं.

मच्छे_व्हीएमसी (बुधवार, सकाळी ८.३०)

दुसरी बाजू पण लिहितो. आमच्याकडे एक ऑपरेटर मशिनवर झोकांडी खात होता, जीभ जड, घामाघूम. सेक्युरिटीनं "टाकून आलाय" म्हणून गेटबाहेर काढला. तो बाहेर कोसळला. त्याला शुगर होती, सकाळी इन्शुलिन घेऊन न खाता आला होता. शुगर उतरली की माणूस हुबेहूब प्यालेला दिसतो. कुणीतरी रिक्षात घालून नेला म्हणून वाचला. तेव्हा लॅडलवाले, तुमच्या बाबतीत त्यांनी स्वतः कबूल केलंय म्हणून प्रश्न नाही, पण इतरांनी नुसत्या अंदाजावर कुणाला बेवडा ठरवू नये. हाकलण्याआधी दवाखाना.

शिनोळी_शटल (बुधवार, सकाळी ८.४५)

सगळं खरं. पण मुख्य तांत्रिक मुद्दा राहिलाच: तक्रार मराठीत द्यायची की कन्नडमध्ये? मराठीत दिली तर कागदपत्रांच्या भाषेचा मोर्चा निघेल आणि दादा बाजूलाच राहतील.

निपाणकर (बुधवार, सकाळी ८.५२)

हाहा. पण हसण्यावारी नेऊ नका, लॅडलवाल्यांची खरी गाठ तिथेच आहे. माणूस कन्नड असता तर त्यांनी इतका विचार केला असता का? आणि कन्नड असता, याने तक्रार केली असती, तर तिकडच्यांनी म्हटलं असतं मराठ्यानं मुद्दाम अडकवलं. म्हणजे आपल्याकडे कुणीही कुणाविरुद्ध तक्रार केली तरी ती भाषेच्याच खात्यावर जमा होते.

अनगोळचा_आण्णा (बुधवार, सकाळी ९.३०)

बोललात ते पटलं, पहिल्यांदाच. आमच्या शेडमध्ये दोन्हीकडचे आहेत, डबा एकत्र खातात. त्या लॅडलखाली कोण कोण उभं असतं ते सांगा की लॅडलवाले.

लॅडलवाला (बुधवार, दुपारी ३.१५)

मी, एक गोकाककडचा, एक बिहारचा पोरगा. त्याला मराठीही येत नाही आणि कन्नडही. त्याला कुणी विचारलंच नाही की तुला ही जोखीम चालते का.

सगळ्यांचं वाचलं. सून ताईंचं वाचून काल रात्री झोप लागली नाही.

पर्सोनेल_काका (बुधवार, दुपारी ४.००)

एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाहीत. दादा कायम आहेत की कंत्राटी? आणि तुम्ही?

लॅडलवाला (बुधवार, दुपारी ४.२०)

दादा कायम. मी कंत्राटदाराकडून.

पर्सोनेल_काका (बुधवार, संध्याकाळी ५.१०)

मग सल्ला बदलतो. सगळे दादांच्या नोकरीची काळजी करतायत, पण इथं कच्चा दोर तुमचा आहे. दादांना चौकशीचं संरक्षण आहे. तुम्हाला कंत्राटदार फोनवर सांगेल, "उद्यापासून येऊ नको", संपलं.

म्हणून एकटे जाऊ नका आणि माणसाविरुद्ध जाऊ नका. कामगारांच्या कमिटीतला एखादा कायम कामगार बरोबर घ्या. विषय "मागच्या आठवड्यातली मेटल सांडण्याची घटना आणि क्रेनची सुरक्षितता" असा ठेवा. सुरक्षिततेबद्दल वरिष्ठांकडे आणि गरज पडली तर थेट निरीक्षकाकडे म्हणणं मांडायचा हक्क कामगाराला कारखाने कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीनं मिळाला, नव्या संहितेतही तो ठेवलाय. दारूचा मुद्दा तोंडी, बंद खोलीत, कमिटीवाल्यानं बोलायचा.

अनगोळचा_आण्णा (बुधवार, संध्याकाळी ५.३०)

कंत्राटी आहेस हे आधी सांगायचंस ना बाबा. मी असतो तर कमिटीवाल्यालाच पुढे घातलं असतं. निवडून आलेत कशाला मग, पूजेला चपात्या लाटायला?

लॅडलवाला (शुक्रवार, रात्री ९.०५)

काय झालं ते लिहितो.

काल संध्याकाळी दादा मंडळाच्या मीटिंगला गेले तेव्हा वहिनींकडे गेलो. त्यांना रात्रीचं माहीत होतं, सकाळचं नाही. एक शब्द बोलल्या नाहीत, डब्याची पिशवी उपडी करून बघितली.

आज कमिटीच्या एका काकांना घेऊन सुपरवायझरकडे गेलो. त्यांचं पूर्ण बोलणंही झालं नव्हतं, साहेब म्हणाले, "गोत्तैत्री." त्यांना माहीत होतं! चांगलं वर्षभर माहीत होतं. म्हणे दुसरा क्रेनवाला नाही, वर सांगितलं तर म्हणतात आहे त्यात भागवा. मी इकडे भाषा, गाव, मंडळ करत बसलो होतो आणि साहेब दादांना "चांगला माणूस" म्हणून स्वतःच सांभाळत होते.

निपाणकर (शुक्रवार, रात्री ९.१२)

म्हणजे माहीत नसलेली एकच व्यक्ती होती, ती घरी डबा भरत होती.

अनगोळचा_आण्णा (शुक्रवार, रात्री ९.२०)

बदली माणूस नाही! मी पहिल्या दिवशी काय बोललो होतो? स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पर्सोनेल_काका (शुक्रवार, रात्री ९.३५)

आता मात्र लेखी द्या. साहेबाला माहीत होतं म्हणजे व्यवस्थापनाला माहीत होतं आणि अपघात झाला तर तोच साहेब म्हणेल मला कुणी सांगितलंच नाही. घटना, तारीख, "क्रेनसाठी प्रशिक्षित बदली ऑपरेटर नाही" एवढंच. सही कमिटीची. पोच घ्या.

लॅडलवाला (शनिवार, रात्री ८.३०)

पोच घेतली, शिक्क्यासकट. सोमवारपासून दादा कोअर शॉपला (साच्याच्या आतले गाभे बनवतात तिथे), मोल्डिंगमधल्या दोघांना पेंडंट शिकवणार. पगार तोच. आरोपपत्र वगैरे काही नाही, तूर्त तरी. दादा माझ्याशी बोलत नाहीत. काल गावच्या बसस्टॉपवर चार लोकांत "साप पाळला" म्हणाले. ऐकून घेतलं.

वहिनींचा फोन होता. त्या धारवाडला डिमहान्सला (मानसिक आजारांच्या सरकारी हॉस्पिटलला) न्यायचं म्हणतायत, त्यांच्या भावानं सुचवलंय. दादा म्हणतात लग्न होऊ दे, मग बघू. सिस्टर, लग्नापर्यंत थांबलं तर चालेल का?

ड्युटीवरची_सिस्टर (शनिवार, रात्री ९.१०)

थांबू नका. लग्नाच्या धावपळीत दोन दिवस प्यायला मिळाली नाही आणि मांडवात फिट आली तर? उलटं सांगा त्यांना: आत्ता भरती झालात तर कन्यादानाला हात थरथरणार नाही. डिमहान्स चांगलं आहे. जायच्या आधी कुणाशी बोलायचं असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, कधीही लागतो. व्यसनासाठी वेगळी हेल्पलाइन १४४४६. वहिनींनीच फोन केला तरी चालतो, पेशंटनेच करायला हवा असं नाही.

हिंडलग्याची_सून (शनिवार, रात्री ९.२५)

वहिनींना माझा नंबर द्यायचा असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. लग्नाचे लाडू वळायलाही येईन.

खादरवाडीचा_पोरगा (शनिवार, रात्री ९.४०)

आणि "साप" बिप मनावर घेऊ नको रे भावा. धारवाडला न्यायला गाडी पायजे असली तर माझी ओम्नी आहे, डिझेल-पाणी काय बघायचं नाही.

वडगावचा_माग (शनिवार, रात्री ९.४३)

ओम्नी पेट्रोलवर चालते ओ.

लॅडलवाला (शनिवार, रात्री १०.०५)

सगळ्यांचे आभार. काका, एक शेवटचं. भरती झाले तर तेवढ्या दिवसांचा पगार? लग्न तोंडावर, म्हणून वहिनी विचारत होत्या. आमच्याकडे ईएसआय कापतात.

पर्सोनेल_काका (शनिवार, रात्री १०.३०)

कापतात ना, मग चिंता नको. ईएसआयच्या डॉक्टरचा दाखला लागेल. मागच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणाचा भत्ता सरासरी पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. धारवाडला जाण्याआधी ईएसआय दवाखान्यातून रेफरचं पत्र घ्या, नाहीतर मागाहून कागद जुळवताना दमाल. त्यांचं ईएसआय कार्ड आणि बँकेचं पासबुक बरोबर असू द्या.

लॅडलवाला (शनिवार, रात्री १०.३८)

कार्ड दादांच्या लॉकरमध्ये आहे म्हणतायत वहिनी. किल्ली त्यांच्याकडे. सोमवारी कमिटीच्या काकांना मागायला लावतो, मला काही ते द्यायचे नाहीत.